टोलोका: मजुरीविना उभी राहणारी भिंत

[दृश्य: गोल खड्ड्यात फिरणारा घोडा, मागोमाग अनवाणी पाय]

युक्रेनच्या खेड्यात मातीचं घर बांधायचं, तर आधी गारा तुडवायला खड्डा खणायचा. खड्डा गोल खणायचा, म्हणजे घोडा न थांबता फिरत राहतो. तळाशी माती, तिच्यावर पाणी. पाणी मुरलं की वरून गव्हाचं काड. काड कमी पडलं तर भिंत वाळताना तडकते. माती फार चिकट असली तरी तडकते, मग वाळू मिसळावी लागते. हातात वळलेला गोळा फुटला नाही, की गारा तयार.

[दृश्य: हातोहात पुढे जाणारे गोळे]

या लांबट गोळ्यांना तिथे 'वाल्की' म्हणतात. ओले असतानाच ते एकमेकांत दाबून बसवतात. एका दिवसात भिंत फार चढवली, तर खालचा थर वरच्या वजनानं फुगून बाहेर येतो. म्हणून आधी एक थर, मग वाळवण, मग दुसरा थर. आणि सगळं उन्हाळ्यातच. भिंतीत ओल राहून ती हिवाळ्यात गोठली, तर मातीचे पापुद्रे सुटतात.

दिवस थोडे, काम अवजड. घरची चार माणसं पुरत नाहीत. म्हणून टोलोका: सगळ्या गावानं मिळून एकाचं काम उरकायचं. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल.

टोलोका बहुधा रविवारी किंवा सणाला असे. त्या दिवशी मजुरीनं राबणं पाप. शेजाऱ्याच्या मदतीला जाणं पाप नव्हे, कारण तिथे पैसा हातात पडत नाही. बाजार ज्या दिवशी थांबतो, त्याच दिवशी घराची भिंत चढते. श्रमाची किंमत मजुरीनंच ठरते असं मानणाऱ्या अर्थशास्त्राला हा दिवस दिसतच नाही. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो.

[दृश्य: अंगणातलं लांब टेबल, वाफाळणारं बोर्श्च]

यजमानानं जेवू घालायचं: बोर्श्च म्हणजे बीटाचं सूप, वारेनिकी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणि होरिल्का ही कडक दारू. वहीत काही मांडत नसत, पण आज माझ्याकडे आलेल्याकडे उद्या मी जाणार, हे पक्कं. विधवा, अनाथ आणि घर जळालेले यांच्याकडून मात्र परतफेडीची अपेक्षा नसे.

नांगरटीसाठी 'सुप्रियाहा' होती, म्हणजे आपली सावड. स्टेपच्या, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानाच्या, जड नांगराला तीन-चार बैलजोड्या लागत, आणि एवढे बैल एका दावणीला क्वचितच असत.

[दृश्य: लिंपण करणाऱ्या बायका]

लिंपणात वाळू, भुसकट आणि घोड्याची लीद. वरून पांढरा हात. भिंतीच्या पायथ्याशी मातीचा ओटा, 'प्रिझ्बा': पावसाचे शिंतोडे तो झेलतो, भिंतीचा पाया कोरडा राहतो.

[दृश्य: लोण्याची जुनी वेष्टनं]

गॅलिशियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या, शेतकऱ्यांनी एकत्र काम करायची हीच सवय दुधाच्या धंद्यात आणली. त्यांच्या दुग्धशाळांचा संघ १९०७ साली स्ट्रिय शहरात उभा राहिला; तोच पुढचा 'मास्लोसोयुझ', म्हणजे लोणी संघ. त्या काळच्या सहकाराची घोषणा होती: आपल्या माणसानं आपल्याच माणसाकडे आपल्याच मालासाठी जावं.

गॅलिशिया तेव्हा पोलंडमध्ये होती; १९३० मध्ये पोलिश पोलिसांनी तिथली सहकारी दुकानं फोडली. पूर्वेकडे सोव्हिएत राजवटीनं शेती सक्तीनं सामूहिक केली; त्यात बैल गेले, जमीन गेली, १९३२-३३ चा दुष्काळ आला. १९३९ नंतर मास्लोसोयुझही संपला.

[दृश्य: याहिद्ने, चेर्निहिव्ह प्रदेश, जुलै २०२२]

रशियन सैन्यानं याच गावातल्या लोकांना शाळेच्या तळघरात कोंडून ठेवलं होतं. आता उद्ध्वस्त सांस्कृतिक भवनाचा राडारोडा तरुण मुलं-मुली उपसताहेत, शेजारी डीजेचं संगीत सुरू आहे. याही कामाला ते टोलोकाच म्हणतात.

[निवेदन थांबतं. फक्त फावड्यांचा आवाज.]