नव्या बर्म्युडा लॉनला पाणी किती? आधी कोपरा उचला!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "ताई, बर्म्युडाचं कार्पेट टाकलंय, दिवसातून किती वेळा पाणी घालू?" कार्पेट म्हणजे बर्म्युडा गवताच्या मुळं-मातीसकट गुंडाळून आणलेल्या तयार पट्ट्या. चला, आज त्याचाच निकाल लावू.

जमीन भुसभुशीत करून सपाट केली, खडे वेचले, पट्ट्या सांधे चुकवत अगदी खेटून लावल्या, वरून रोलर फिरवला. एवढं तुम्ही केलंय असं धरून चालते. फक्त रोल आणले त्याच दिवशी अंथरा. गुंडाळलेलं गवत आतून तापतं आणि पिवळं पडतं.

आता पाणी. (खाली बसून) हे बघा. वर पातं न् पातं चिंब आहे ना? आता हा कोपरा उचलते. बोट लावा खालच्या मातीला. कोरडी ठणठणीत! पाणी सगळं वरच्या थरातच अडकलं. मुळं फुटणार खालच्या बाजूला आणि तिथे ओलच नाही. म्हणून अंथरल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिलं पाणी द्या, आणि ते पट्टीखालची दहा सेंटिमीटर माती भिजेपर्यंत चालू ठेवा. मोठं लॉन असेल तर सगळं अंथरून व्हायची वाट बघू नका, झालेला भाग भिजवत पुढे सरका.

एक दादा लिहितात, "टायमर लावलाय, दिवसात चार वेळा पाच मिनिटं, तरी कडा वाळतायत." अहो, टायमरला काय कळतंय आज वारा सुटलाय का ते? कडा आणि सांधे आधी सुकतात, फरशीला लागून असलेली कड तर सगळ्यात आधी. गवत निळसर-राखाडी दिसायला लागलं, पाऊल उचलल्यावर ठसा तसाच राहिला, की समजा तहान लागलीय. पहिला आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी लागतं, कडक उन्हात चारदाही. पण आकडा मला विचारू नका, कोपऱ्याला विचारा. शेवटचं पाणी दुपार उतरायच्या आत द्या. रात्रभर पाती ओली राहिली की बुरशीला आयतं आमंत्रण.

आता याची दुसरी बाजू. माझ्या मैत्रिणीने महिनाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ स्प्रिंकलर चालवला. लॉन हिरवंगार! मी कोपरा ओढला तर अख्खी पट्टी हातात, खाली चिखल आणि कुबट वास. पाणी वरच मिळत असेल तर मुळं खाली जातील कशाला? आठ-दहा दिवसांनी हलकेच ओढून बघा. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं मातीत शिरलेली असली आणि पट्टी सुटत नसली, की पाण्याच्या वेळा कमी करा पण प्रत्येक वेळी खोल भिजवा. आधी दिवसातून एकदा, मग दिवसाआड, पुढे आणखी अंतर ठेवून. रुजलेल्या लॉनला आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पुरतं, पावसाचं धरून. रिकामा डबा ठेवा लॉनवर, किती पाणी साचलं ते मोजलं की कळेल.

पट्टी सुटेनाशी झाली की पहिली कापणी. "वाढू दे की बिचारं" म्हणणाऱ्यांनो, बर्म्युडा कापल्यानेच आडवं पसरून दाट होतं! एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मात्र नको, मशीनचं पातं धारदार हवं आणि आदल्या दिवशी पाणी बंद. ओल्या जमिनीवर मशीन चढवलं तर चाकांच्या चऱ्या पडतात.

कुणीतरी टिफवे 419 या बर्म्युडाच्या जातीचं बी कुठे मिळेल विचारलंय. कुठेच नाही. 1960 साली आलेला हा संकर वांझ आहे, त्याला रुजणारं बी धरतच नाही. तो पट्ट्यांनी किंवा काड्यांनीच लावतात.

नत्राचं खत महिनाभर थांबून. तण उगवू नये म्हणून मारायची औषधं सध्या लांबच ठेवा, त्यातली बरीचशी नव्या मुळांनाही मारक असतात. थंडीत गवत तपकिरी झालं तर घाबरू नका, ते झोपलंय. पण नव्याने टाकलेलं असेल तर माती पार सुकू देऊ नका.

आणि झाडाखाली विरळ होतंय म्हणणाऱ्यांसाठी: दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन मिळतं का तिथे? नसेल, तर पाणी-खत काही उपयोगाचं नाही. ती जागा दुसऱ्या कशाला तरी द्या.