शिंपल्यांच्या ढिगात काय असतं

नमस्कार मंडळी. आज रविवार, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सकाळी मार्केटातून तिसऱ्या नाहीतर खुबे आलेच असणार, आणि जेवणं झाल्यावर शिंपल्या परसात माडाच्या मुळाशी पडल्या असतील. माझ्या आजीकडे तर माडाखाली शिंपल्यांचा पांढरा ढीगच होता, आम्ही पोरं त्यावर अनवाणी चढायचो आणि ओरडा खायचो. आज त्याच ढिगाबद्दल बोलणार आहे, म्हणजे खाऊन झाल्यावर माणूस जे टाकून देतो ना, हाडं, काटे, शिंपल्या, त्यावरून हजारो वर्षांपूर्वीची घरं कशी चालायची हे कसं कळतं त्याबद्दल.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्यांचे मोठमोठे ढीग आहेत. आधी वाटायचं की ते समुद्रानेच आणून टाकलेत. मग १८४८ साली तीन अभ्यासकांची कमिटी नेमली, एक भूगर्भवाला, एक प्राणिशास्त्रवाला, एक पुरातत्त्ववाला, आणि त्यांनी नीट बघितलं तर शिंपल्या जवळपास सगळ्या मोठ्या वाढलेल्या, बारीक पिल्लं नाहीतच, वर समुद्रात एकत्र न राहणाऱ्या जाती एकाच ढिगात. समुद्र असं निवडून थोडाच आणतो, निवडतो तो माणूस. शिवाय राख होती, दगडी हत्यारं होती, कापल्याच्या खुणा असलेली हाडं होती. म्हणजे तो स्वयंपाकघराचा उकिरडा होता! त्यात रानहंसाची हाडं सापडली, आणि तो पक्षी तिकडे फक्त थंडीत येतो, म्हणजे लोक थंडीतही तिथेच राहायचे हे कळलं.

पण मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. पक्ष्यांच्या लांब हाडांचे मधले तुकडे तेवढे मिळत होते, टोकं कुठेच नाहीत. कमिटीतले प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यांनी काय केलं, कुत्रे कोंडून ठेवले, त्यांना हाडं घातली, आणि उरलं काय ते बघत बसले. अगदी तेच तुकडे उरले. म्हणजे त्या वस्तीत कुत्रे होते, चुलीपासून थोडं लांब बसून हाडाची वाट बघणारे, आणि हे कळलं ते जे सापडलं नाही त्यावरून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा काळ लोक तिथे राहत होते, आधी चौकोनी मोठी घरं, गहू-जव, गाईगुरं, आणि शेवटच्या तीनशे वर्षांत घरं छोटी गोल झोपड्यांची झाली, शेती घटली आणि शेळ्यामेंढ्यांवर, शिकारीवर भर वाढला. पाऊस कमी झाला म्हणून असं झालं, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं. कुणी लिहून ठेवलं नव्हतं हो हे, त्या काळी तिथे लिपीच नव्हती. आणि जनावर कुठल्या वयात मारलं हे त्याच्या दातांवरून कळतं, बहुतेक नर लहानपणीच कापलेले आणि माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत ठेवलेल्या दिसल्या तर ते घर दुधावर चालत होतं असं धरतात, बैल जोताला जुंपला असेल तर त्याच्या पायाची हाडं रुंदावलेली दिसतात.

माती चाळून बघावी लागते हं मात्र. पूर्वी बऱ्याच ठिकाणी चाळायचे नाहीत, त्यामुळे मोठी हाडं तेवढी हाती यायची आणि तारल्यांसारख्या छोट्या माशांचे काटे मातीबरोबर फेकले जायचे.

आता गोव्याचं काय? सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर बैल, हरणं कोरलेली आहेत, १९९३ साली ती अभ्यासकांसमोर आली, तुम्ही बघितली नसतील तर जरूर जाऊन या. पण ती कोरणारे लोक जेवत काय होते हे चित्रावरून नाही कळत, त्याला हाडंच लागतात, आणि आपली जांभ्याची माती आम्लाची, वर एवढा पाऊस, हाड त्यात विरघळून जातं. ते टिकण्याची चांगली शक्यता असते ती शिंपल्यांच्या ढिगात, कारण शिंपल्यांमधला चुना मातीतलं आम्ल मारतो.

म्हणून एक मनापासून विनंती आहे. विहीर खणताना, घराचा पाया काढताना खोल मातीत शिंपल्यांचा थर लागला, त्यात काळी राख, खापरं, हाडं दिसली, तर ते जेसीबीने उचलून भरावाला टाकू नका. तिथलं काम एक दिवस थांबवा, फोटो काढा, किती खोल लागलं ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. वेगळं काढून पिशवीत भरूनही ठेवू नका प्लीज, कुठल्या थरात कशाशेजारी काय पडलं होतं तेच तर बघायचं असतं. नमस्कार.