पालकसभा दिवेलागणीनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून मी सांगली जिल्ह्यात सत्तावीस वर्षे नोकरी केली. गावागावांत मुलांच्या संगोपनाचे, आहाराचे आणि शिक्षणाचे जे कार्यक्रम चालतात, त्यांच्याविषयी गावाला विचारले जाते का, आणि विचारले जाते तर नेमके कोणाला, एवढ्याच प्रश्नावर आज मी बोलणार आहे.

विचारण्याची सोय कायद्याने करून ठेवलेली आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करावयाची असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. पण या सभांची इतिवृत्ते आपण चाळली, तर ठरावामागून ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ झालेले दिसतील. मला या शब्दाचा नेहमी संशय येतो. ज्या आळीत नळाला पाणी किती वाजता यावे यावर चार घरांचे एकमत होत नाही, त्या आळीचे मुलांच्या आहारावर पाच मिनिटांत एकमत कसे होते?

हा संशय मला एका सभेने शिकवला. ती हकिकत सांगते.

तासगाव तालुक्यातले द्राक्षबागांचे गाव. नोव्हेंबरचा महिना होता, बागांत द्राक्षांचे घड विरळ करण्याची, म्हणजे विरळणीची कामे चालू होती. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी नेण्याच्या आहाराची पाकिटे वेळेवर वाटली जात होती, नोंदवहीत सह्या आणि अंगठे चोख होते. तरीही सहा-सात मुलांची वजने तीन महिने जागची हलली नव्हती. म्हणून सकाळी अकरा वाजता मी मातांची सभा बोलावली. समाजमंदिर भरले, तीसेक बायका आल्या, आणि मी स्तनपान, वरचा आहार, दोन बाळंतपणांतले अंतर या विषयांवर चांगली चाळीस मिनिटे बोलले. बोलण्याच्या भरात समोर कोण बसले आहे याकडे माझे लक्षच गेले नाही. शेवटी काही शंका आहेत का, असे मी विचारले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी पदर सावरत म्हणाल्या, “बाई, सांगितलंसा ते समदं ब्येस हाय. पर आमची बाळंतपणं होऊन तीस वर्सं झाली. ज्यास्नी सांगायचं त्या सकाळी आठलाच टेम्पोत बसून विरळणीला गेल्यात.”

समाजमंदिरात हशा पिकला. मी खाली पाहिले. समोर बसलेल्या सगळ्याच सासवा होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मांडीवर एक मूल होते.

त्याच आजी पुढे म्हणाल्या, “हसण्यावारी न्हेऊ नगा. पोरं दिसभर आमच्यापाशी असत्यात. मग आमास्नीच का इचारत न्हाईसा?”

मग मी विचारले, आणि पुढचा तासभर फक्त ऐकले. पाकिटातल्या पिठाची चव मुले घेत नाहीत, म्हणून ते बऱ्याच घरी म्हशीच्या आंबोणात जाते. सून संध्याकाळी साडेसहाला परतते, तोवर मूल भुकेने किरकिरते आणि चार वाजता आजीच्या चहात बुडवलेल्या बिस्किटावर वेळ निभावते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाळाला सोसावे म्हणून आजी डाळीचे केवळ वरचे पाणी पाजत होत्या. पुन्हा सांगते, डाळ नव्हे, डाळीचे पाणी. पोट भरत होते, अंगी मात्र काही लागत नव्हते.

मी तिथल्याच एका घरून वरण मागवले आणि चमचा तिरका करून दाखवला. पाणी ओघळून गेले. मग तळाची डाळ भाकरीत कुस्करून, वर तेलाची धार सोडून तो घास चमच्यावर घेतला आणि चमचा पुन्हा तिरका केला. घास चमच्यावरच राहिला. आजींनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “म्हंजे पिठल्यावानी लगदा म्हणा की! मग हे सुनंला कशापायी शिकवताय?”

चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट. छापील पत्रकात हेच अर्धे पान भरून लिहिलेले असते, आणि मी ते पत्रक कित्येक वर्षे सुनांच्या हाती देत आले होते. जाता जाता सांगते, गावातली दवंडी बंद पडली हे माझ्या मते मोठे नुकसान आहे. सभेची सूचना आता मोबाइलवर येते, आणि ज्या आजीच्या मांडीवर मूल असते तिच्या हाती मोबाइल नसतो.

किशोरवयीन मुलांविषयी थोडक्यात बोलते. किशोरी मुलींच्या सभा होतात, पण मुलग्यांना कोणी बोलावत नाही, आणि अभ्यासिका किती वाजता उघडी हवी हे तिथे बसणाऱ्या मुलांना कोणी विचारत नाही. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि कामांत स्वतः हात घालत. स्वयंपाकघराचा आणि शाळेचा विचार तिथे वेगवेगळा केला जात नव्हता. आज आपल्याकडे आहाराची बैठक एका दिवशी, शाळेची दुसऱ्या दिवशी, आणि दोन्ही बैठका कामाच्या वेळी होतात.

तासगावकडच्या त्या सभेचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांची नाही, पण चार मुलांची वजने वाढली. आजींनी मात्र तेवढ्यावर न थांबता पुढच्या ग्रामसभेत मागणी मांडली की, पालकसभा दिवेलागणीनंतर, देवळातला हरिपाठ संपल्यावर घ्यावी, म्हणजे सासू आणि सून दोघी एका जागी सापडतील. ग्रामसेवकांना हा विषय आहारात धरावा की शिक्षणात, हे काही ठरवता येईना. अखेर त्यांनी तो ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली, शेवटून दुसऱ्या ओळीत लिहून घेतला.

नमस्कार.