पाण्यातला मांजा

(दृश्य: नवेगाव बांध, सकाळ. पाण्यावर धुकं.)

जानेवारी महिना, गोंदिया जिल्हा. रात्रीची जाळी काढून ढिवरांचे डोंगे काठाला लागताहेत. पाळीवर पोरांचे संक्रांतीचे पतंग. आणि मधे पाण्यात काळी पाखरं, कपाळावर पांढरा टिळा. हे वारकरी. त्यातला एखादा उडायला निघाला की नीट बघा. तो एकदम उठत नाही. पंख मारत, पाय आपटत पाण्यावरून लांबवर धावतो. पाणी त्याला सहजी सोडत नाही.

शिडावर चालावं आणि वाटलं की उडावं, असं वाहन माणसालाही हवंय. फ्रेंच डिझायनर येल्केन ऑक्तुरी यांनी ते रेखाटलं. तुर्की भाषेत येल्केन म्हणजे शीडच! त्यांच्या उडत्या यॉटची शिडं पाण्यावर उभी असतात. उडायच्या वेळी तीच आडवी होऊन पंख बनतात. यॉट अजून चित्रातच आहे, पण कल्पना पोकळ नाही. शीड म्हणजे उभा केलेला पंख. विमानाचा पंख वर उचलतो, शीड बाजूला ओढतं, एवढाच फरक.

(दृश्य: पतंग, मग मांजा धरलेली बोटं.)

खरी अडचण या पोराच्या हातात आहे. पतंग वाऱ्यावर उडतो, हे खरं. पण मांजा तुटू द्या, तोच वारा त्याला भरकटत नेतो. वर राहायला वारा हवा, तशी खालून धरणारी ओढही हवी. शिडाच्या होडीत ती ओढ पाणी देतं. होडीच्या तळाशी पाण्यात खोल गेलेलं पातं असतं, कील म्हणतात त्याला. वारा शीड बाजूला खेचतो, कील सरकू देत नाही, आणि या रस्सीखेचीतून होडी पुढे निघते. तिरकी तिरकी करत वाऱ्याच्या उलट दिशेनंही चढते. आपल्या डोंग्याला कील नाही. त्याच्यावर नुसतं शीड उभारलं, तर आडवा वारा त्याला आडवाच नेईल.

म्हणजे यॉट पाण्यातून सुटली, की मांजा तुटला. शिडाचे पंख झाले तरी पुढे रेटायला इंजिन लागणारच. त्यात होडी कलंडू नये म्हणून कील जड हवी आणि उडायला तर अंग हलकं हवं. १९१० साली फ्रान्सच्या हेन्री फाब्र यांनी पाण्यावरून पहिलं विमान उडवलं, तेही इंजिनावर.

मला मात्र मोह पडतो तो पॉल लार्सन यांच्या सेलरॉकेट या शिडाच्या होडीचा. २४ नोव्हेंबर २०१२, नामिबियाची वॉल्विस बे. इंजिन नाही, फक्त पंखासारखं ताठ, तिरकं शीड आणि पाण्यात बुडालेलं एक वाकडं पातं. पाचशे मीटरच्या टप्प्यात सरासरी वेग ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२१ किलोमीटर! निव्वळ वाऱ्यावर. अंग जवळजवळ सगळं हवेत, पण मांजा पाण्यात घट्ट.

(दृश्य: पतंग कटतो. आवाज: पोरांचा गलका.)

गेला. तलावावरून हेलकावत लांब गेला, वारकऱ्यांच्या थव्यापलीकडे पाण्यावर टेकला. काठावरच्या एका डोंग्यानं तोंड फिरवलंय. पोरगं आधीच आत चढून बसलंय.