खरं बोलून झालं, पुढे काय?

नमस्कार मंडळी.

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं बहुधा ज्याचं काहीच गेलेलं नसतं, तोच म्हणतो. वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेतही असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं न ऐकता १९९५ मध्ये कायदा करून सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते आर्चबिशप डेस्मंड टूटू. अट सरळ होती. राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्णपणे कबूल करा, माफी मिळेल. लपवलात, तर खटल्याला तयार राहा.

सुमारे २१ हजार पीडितांचे जबाब नोंदले गेले. साक्षी टीव्हीवर दिसल्या. ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय गोऱ्या समाजाला उरली नाही. मला ही फार मोठी कमाई वाटते.

पण सलोखा? अहमद तिमोल या भारतीय वंशाच्या तरुण शिक्षकाचं पाहा. १९७१ मध्ये जोहान्सबर्गला पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने दहाव्या मजल्यावरून उडी मारली, असं पोलीस म्हणाले आणि १९७२च्या न्यायालयीन चौकशीने ते मान्य केलं. १९९६ मध्ये त्याच्या आईने आयोगापुढे साक्ष दिली. ज्यांना खरं ठाऊक होतं, ते पोलीस मात्र कबुली द्यायला फिरकलेच नाहीत. अखेर भाच्याच्या चिकाटीमुळे चौकशी पुन्हा उघडली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, ही आत्महत्या नव्हे, खून आहे. आई तोवर हयात नव्हती. दुसऱ्या वर्षी एका निवृत्त पोलिसावर आरोप ठेवले गेले. खटला उभा राहण्याआधीच, २०२१ मध्ये, तोही वारला.

म्हणजे मायबापांनी बोलायचं, रडायचं, क्षमाही करायची. आणि गप्प बसणाऱ्याने पेन्शन खात म्हातारं व्हायचं. (टूटूंना मी यात दोष देत नाही. अट कायद्यातच होती, ती पाळायचं काम पुढच्या सरकारांचं होतं.) आयोगाने तीनशेवर प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली, त्यातली मोजकीच न्यायालयात गेली. भरपाईही एकरकमी ३० हजार रँड, आयोगाच्या शिफारशीहून बरीच कमी.

खरं बोलल्याने देश जुळतो का, असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, बोलणाऱ्याला पुढे काय मिळालं ते आधी सांगा. हे खटले मुद्दाम अडवले गेले का, हे तपासायला राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी २०२५ मध्ये चौकशी आयोग जाहीर केला. एका आयोगाचं काम कुणी बुडवलं, ते शोधायला दुसरा आयोग!