आधी फोटो, मग हात

खुनाच्या जागी पोहोचलेल्या पोलीस छायाचित्रकाराला कोणती वस्तू पुढे महत्त्वाची ठरेल, याची त्या घडीला कल्पना नसते. रहस्यपटांत हाच माणूस एका फोटोकडे पाहून दचकतो आणि खुनांची मालिका करणारा सापडतो. प्रत्यक्षातले त्याचे काम पुष्कळ रुक्ष आहे आणि, आमच्या मते, अधिक थरारकही.

इंदूरच्या राजवाड्यामागच्या मराठी वस्तीतली एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. अरुंद जिना, एकच खिडकी, पंच म्हणून बोलावलेल्या शेजारच्या काकू दाराशी अवघडून उभ्या, तपास अधिकारी उंबऱ्याबाहेर. फोटो झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा पहिला दंडक. सुरुवात दारातून होते. मग चारही कोपऱ्यांतून, प्रत्येक चौकटीत शेजारच्या चौकटीचा थोडा भाग येईल अशा बेताने. मग मृतदेह व भोवतीच्या वस्तू एकत्र. आणि शेवटी अगदी जवळून, एकदा फूटपट्टी न ठेवता व एकदा ठेवून. पट्टीखाली काही झाकले गेले, असे उलटतपासणीत म्हणायला जागा राहू नये, म्हणून पट्टीविना फोटो आधी. धुळीत उमटलेला चपलेचा ठसा समोरून फ्लॅश मारला की सपाट होऊन दिसेनासा होतो. त्यासाठी कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर धरतात आणि उजेड एका बाजूने, जमिनीलगत टाकतात; मग झिजलेल्या टाचेच्या कडेचीही सावली पडते. प्रत्येक फोटोची नोंद वहीत होते. घरी मराठी आणि वहीत हिंदी, ही इंदुरी रीत इथेही चालते. चौरस चौकटीच्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रोलवर अवघे १२ फोटो निघत, त्या काळी ही शिस्त पाळताना हात आखडत असणार.

मोजूनमापून पाहणाऱ्या नजरेचे इंदूरशी जुने नाते आहे. लाला दीनदयाळ हे येथील बांधकाम खात्यात आरेखक होते; १८७० च्या दशकात इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांच्या पाठबळाने ते छायाचित्रणात पुढे आले. ते गुन्ह्यांचे छायाचित्रकार नव्हते, हे खरे. पोलिसांच्या कॅमेऱ्याला मोजमाप शिकवले ते पॅरिसच्या आल्फोंस बर्टिलॉन यांनी. आरोपीचा समोरून व बाजूने, ठरावीक अंतरावरून फोटो घेण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि पुढे उंच तिवईवर कॅमेरा चढवून घटनास्थळेही टिपली.

ही एकसारखी पद्धत कशासाठी? मालिकेतला खून एकट्याने ओळखू येत नाही. दोन-तीन ठिकाणचे फोटो शेजारी मांडल्यावरच जखमेची जागा किंवा सामान विस्कटण्याची तऱ्हा जुळते. लंडनमध्ये १८८८ साली झालेल्या ज्या पाच खुनांचा संबंध सहसा ‘जॅक द रिपर’शी जोडला जातो, त्यांपैकी केवळ मेरी जेन केलीचे, जागेवरच घेतलेले फोटो आज उपलब्ध आहेत, बाकी चौघींचे आहेत ते शवागारातले. तुलना करायची तर डॉक्टरांची टिपणे आणि रेखाटने एवढाच आधार उरतो.

मुंबईत १९६८ साली झोपलेल्या गोरगरिबांच्या डोक्यात रात्री घाव घालणाऱ्या रमण राघवचा तपास रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली चालला होता. हा इसम पूर्वी एकदा पोलिसांच्या हाती लागून सुटलेला होता, तरी त्याचा फोटो व बोटांचे ठसे दप्तरी राहिले होते. त्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखले ते फोटो आणि पाहणाऱ्यांनी केलेले वर्णन यांच्या आधारे. ठशांनी त्याचे ‘सिंधी दलवाई’ हे नावही उघड झाले. तो जुना फोटो काढणाऱ्याचे नाव कुणी विचारले नसावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची व चित्रीकरणाची तरतूद केली आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. चित्रीकरण मोबाइलवरही चालते. मोबाइलवर शेकडो फोटो निघतात आणि क्रम हरवतो, ही आजची खरी अडचण आहे. पूर्वी न्यायालयात निगेटिव्ह हजर करावी लागे. आता डिजिटल फाइलच्या प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेली ओळखखूण, नमूद करतात आणि फाइलमधला एक बिंदू जरी बदलला, तरी ते मूल्य जुळत नाही.