डोंगराची धार म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. सह्याद्रीत कुणाला वाट विचारली की बऱ्याचदा उत्तर येतं, "धार सोडू नका." ही धार कुठली, हे आज बघू या.

डोंगराच्या ज्या लांबट माथ्यावरून जमीन दोन्ही अंगांना उतरते, ती धार. एकच बाजू सरळ तुटलेली असेल, तर तो कडा. धार मध्येच खाली दबली की तिथे खिंड. आणि धारेपासून फुटून खाली उतरत गेलेला फाटा म्हणजे सोंड. काही भागांत तिलाच दांड म्हणतात. हिमाचलातही धार हा शब्द याच अर्थाने चालतो. धौलाधार म्हणजे पांढरी धार! मला हे फार आवडतं.

[पडद्यावर राजगड-तोरणा परिसराचा नकाशा]

हे बघा, राजगड. सुवेळा आणि संजीवनी या दोन्ही माच्या म्हणजे तट घातलेल्या सोंडा आहेत. शत्रूला वर यायला सोंड सोयीची, म्हणून बांधकाम तिथेच जास्त. संजीवनी माचीच्या टोकापासून पुढे धार धरून भटके तोरण्याच्या बुधला माचीवर पोचतात.

धार पाणीही वाटते. महाबळेश्वरच्या माथ्यावरचा पाऊस कृष्णेत गेला तर बंगालच्या उपसागराला मिळतो, सावित्रीत गेला तर अरबी समुद्राला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धुक्यात वाट चुकली की अनेकजण ओढ्याच्या कडेने उतरायला लागतात. पाणी खाली जातंय, म्हणजे आपणही जाऊ, असं वाटतं. कृपा करून असं करू नका. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलाय. कठीण थर उभे तुटतात आणि ओढा तिथून थेट खाली कोसळतो. तुम्ही त्या कड्याच्या तोंडाशी जाऊन अडकता. सोंडेलाही कातळटप्पे असतात, पण तिथून आजूबाजूचं दिसतं आणि जुन्या पायवाटा बऱ्याचदा तिच्यावरूनच गेलेल्या असतात.

अपवाद विजांचा. वळवाचे ढग दाटले की उघड्या धारेवर थांबायचं नाही, लगेच खाली सरकायचं.

आणि गावातलं माणूस "सोंडेनं उतरा" म्हणतंय की "नाळेनं", हे नीट ऐका, शंका असेल तर पुन्हा विचारा. नाळ म्हणजे कड्यातली अरुंद, दगडधोंड्यांची घळ. पावसाळ्यात तिथून पाणी आणि सुटलेले दगड, दोन्ही येतात.